छातीतलं पाणी आणि चाळीस वर्षांपूर्वीची धूळ
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कमिटीने मला ‘साठीनंतरचं आरोग्य’ असा विषय दिला होता. पण गुडघे, साखर आणि बीपी यांवर आपल्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी बोलतंच. म्हणून चिटणीसांची परवानगी घेऊन मी आज एकाच आजाराबद्दल बोलणार आहे. आजार दुर्मिळ आहे. त्याचं नाव मेसोथेलिओमा. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एक प्रश्न मात्र लक्षात ठेवा: तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्या घरातलं कोण, कुठे, काय काम करत होतं?

हा विषय इथेच का, तर आपल्या चारही विंगांमध्ये गिरणी, गोदी, रेल्वे वर्कशॉप आणि कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं आहेत, किंवा त्यांची मुलं आहेत. बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना उष्णता राहावी म्हणून जो पांढरा लेप लावत, ज्याला कामगार ‘लॅगिंग’ म्हणत, त्यात पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, सिमेंटच्या पत्र्यांत आणि पाइपांतही. दारूखान्यात जी जुनी जहाजं तोडली गेली, त्यांच्या इंजिनघरातही ते असे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. कापताना, घासताना, तोडताना ते हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर आत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुफ्फुसाभोवती पातळ दुपदरी आवरण असतं, पोटातल्या अवयवांभोवतीही असतं. त्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण 20 ते 50 वर्षं जातात. आपली सोसायटी 25 वर्षांची आहे. म्हणजे मी ज्या धुळीबद्दल बोलतेय ती बहुतेक इथे राहायला येण्याआधीच आत गेलेली.

आता लक्षणं. सुरुवात फार साधी असते. जिना चढताना धाप लागते. माणूस म्हणतो, वय झालं. मग छातीच्या एकाच बाजूला जड वाटतं, बरगड्यांखाली ठसठसतं, कधी दुखणं खांद्यापर्यंत जातं. आपण बाम चोळतो. कोरडा खोकला येतो. जेवण कमी होतं, पँट सैल होते, थकवा जात नाही. क्वचित बारीक ताप आणि रात्री घाम. पोटाच्या आवरणाचा आजार असेल तर हातपाय बारीक होतात आणि पोट मात्र फुगतं, कारण पोटात पाणी साठतं. यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर शंभर साध्या कारणांनी होतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण एकाच बाजूच्या छातीत पाणी झालं, ते काढलं, आणि पंधरा दिवसांत किंवा महिन्याभरात पुन्हा भरलं, तर तिथे थांबायचं आणि विचारायचं.

कारण आपल्या देशात छातीत पाणी म्हटलं की पहिलं नाव येतं टीबीचं. ते बरोबरच आहे, टीबीच जास्त आढळतो. अडचण अशी की ताप, घाम, वजन घटणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखी, आणि टीबीच्या पाण्यातही जंतू अनेकदा सापडत नाहीत. त्यामुळे पुरावा नसतानाही औषधं सुरू होतात.

मी छातीविकार विभागात असताना पासष्टीच्या एक बाई आल्या होत्या. बाहेर सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या, चार वेळा पाणी काढलं होतं. केसपेपरवर व्यवसाय लिहिला होता ‘गृहिणी’. मी विचारलं, यजमान काय करायचे? म्हणाल्या, ब्रेक लायनिंगच्या खात्यात होते, वारले. त्यांचे कपडे कोण धुवायचं? बाई हसल्या. ‘मीच की हो डॉक्टर, दुसरं कोण? आधी गॅलरीत झटकायची, मग भिजवायची.’ बायोप्सीत मेसोथेलिओमाच निघाला.

यात नवल नाही. 1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या खाणभागातल्या रुग्णांवरून वॅगनर आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. 1965 साली लंडनच्या न्यूहाऊस आणि थॉम्प्सन यांनी तिथल्या रुग्णांची माहिती काढली, तेव्हा त्यांत कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेली माणसंही निघाली. कुणाच्या घरातला माणूस त्या कामावर होता, कुणी कारखान्याच्या जवळ राहत होतं.

मेसोथेलिओमाचं कारण सिगारेट नाही. हे ऐकून कुणी खिशात हात घालू नये! अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

निदान नुसत्या एक्सरेवर होत नाही. सीटी स्कॅनमध्ये आवरण जाड झालेलं दिसतं, पण खात्री आवरणाचा तुकडा तपासल्यावरच होते. नुसतं पाणी तपासून ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असा रिपोर्ट आला तरी विषय संपत नाही. दुर्बिणीतून तुकडा घ्यायची गरज आहे का, हे छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

खरं सांगते, हा आजार सहसा पूर्ण बरा होत नाही. बरेच रुग्ण निदानानंतर वर्ष-दीड वर्षच काढतात. अपवाद आहेत. अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली पोटाचा मेसोथेलिओमा झाला आणि ते पुढे 20 वर्षं जगले, लिहीत राहिले. मग ओळखून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग हा की नको ती औषधं थांबतात. पुन्हापुन्हा भरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करता येतो, माणूस रात्री आडवा झोपू शकतो. केमोथेरपी, इम्युनोथेरपी, काही जणांना शस्त्रक्रिया, यांचा विचार वेळेत होतो. आणि हक्काचे पैसे मागता येतात. कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आहे. सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलंय की अशा कारखान्यांनी कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोपर्यंत ठेवावी. पण त्यासाठी काम केल्याचा कागद हवा. तेव्हा काकांचं जुनं ओळखपत्र, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. जुने एक्सरेसुद्धा.

शेवटी आपल्या आवारातलं. सायकल स्टँडवरचे आणि पंपघरावरचे सिमेंटचे पत्रे कमिटी बदलणार आहे. असा धड पत्रा जागेवर असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, त्याला ड्रिल मारलं की धूळ उडते. म्हणून कंत्राटदाराला आधी लिहून द्या: पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे. तुकडे झाडूने लोटायचे नाहीत. काम करणाऱ्यांना नीट बसणारे मास्क हवेत, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. आणि त्या दिवशी मुलांना खाली खेळायला पाठवू नका.

आता कुणाचे प्रश्न असतील तर विचारा. बी विंगच्या आजींनी मघाच हात वर केलाय.