दवाखान्यातली बाई आजारी पडते तेव्हा

कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकत असाल, कुणी घरी भाकऱ्या थापता थापता.

आम्ही आरोग्य गटातल्या बायका. आमच्यात आशा आहेत, उपकेंद्रावर नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्सबाई आहेत, ग्रामीण रुग्णालयातल्या कक्षसेविका आहेत. आणि दवाखान्याची पायरी फक्त पेशंट म्हणून चढलेल्या शेतकरी बायकाही आहेत. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. दवाखान्यात काम करणारी बाई स्वतःच आजारी पडली आणि त्याच दवाखान्यात पेशंट म्हणून आली, तर तिच्याशी कसं वागायचं?

तुम्ही म्हणाल, तो त्यांचा आपसातला मामला, आम्हाला काय त्याचं? पण ऐका. ह्यात दोन प्रश्न आहेत. एक, तिच्या आजाराची गोष्ट कुणाला कळते? आणि दोन, तिचा नंबर कधी लागतो? ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या-आमच्यापर्यंत येऊन पोचतात.

आमच्या गटातल्या एकीची हकीकत सांगतो. तिला विचारून सांगतोय, आणि गाव-नाव सांगणार नाही. ती रुग्णालयात कक्षसेविका आहे. तिला तीन आठवडे खोकला होता, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत चाललं होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे ती स्वतः दहा जणींना सांगायची. पण स्वतःची थुंकी तिने आपल्या रुग्णालयात दिली नाही. का? लॅबमधली बाई रोज तिच्याबरोबर डबा खाते. आज तपासणी झाली, की उद्या माझा पेला वेगळा ठेवतील, ही भीती.

मग ती रजा टाकून एसटीने लांबच्या गावी खाजगी डॉक्टरकडे जायला लागली. खोकल्याची बाटली, मग दुसरी बाटली. त्यात दीड महिना गेला, गटाकडून उचललेलं कर्जही गेलं. शेवटी निदान झालं ते क्षयाचंच. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, सहसा सहा महिन्यांची असते ती औषधंही फुकट, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा हजार रुपये खात्यात येतात. हे सगळं तिला पाठ होतं. दीड महिना घरात नातवंडं तिच्या कुशीत झोपत होती. अज्ञानाने तिचं काहीच अडलं नव्हतं. तिला अडवलं ते सहकाऱ्यांच्या नजरेने.

आता विचार करा. जिला दवाखाना आतून ठाऊक आहे, तिलाच जर आपली गोष्ट तिथे झाकलेली राहील असं वाटत नाही, तर वाडीवरून आलेली बाई अंगावरून पांढरं जातंय हे सांगायला, छातीतली गाठ दाखवायला, नवरा मारतो हे बोलायला कशी धजावेल?

गोष्ट फुटते कशी, तेही बघू. वैर म्हणून कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा माया करता करताच गोष्ट फुटते. "अगं, सिस्टरांना बरं नाही, ऐकलंस का?" "काय झालंय?" "कुणाला सांगू नको हं, पण पिशवीचं काहीतरी आहे." बोलणारीच्या मनात काळजीच असते. पण संध्याकाळपर्यंत ती पिशवी चार घरांत पोचते. कुणी कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लवकर बऱ्या व्हा' असं टाकतं आणि खाली आजाराचं नाव. कुणी सहज म्हणून रजिस्टर उघडून बघतं.

इथे एक साधी कसोटी आहे. तिच्या उपचारासाठी मला हे कळणं गरजेचं आहे का? तपासणाऱ्या डॉक्टरांना हवं, औषध देणाऱ्यांना त्या औषधापुरतं हवं, रक्त तपासणाऱ्यांना त्या तपासणीपुरतं हवं. बाकी कुणी, मग ती जिवाभावाची मैत्रीण का असेना, कागद उघडायचा नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. आणि कामावर परत आली की "झालं का सगळं?" असं चारचौघांत विचारायचं नाही. "आलीस, बरं वाटलं" एवढं पुरे.

हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही, कायद्याचंही आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर तिथे दुसरी बाई हजर हवी, हेही त्यातच आहे. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येत नाही, आणि एचआयव्ही आहे एवढ्यावरून कुणाची नोकरी काढून घेता येत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरांनी कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ह्यातला एकही हक्क 'दवाखान्यातली बाई सोडून' असा लिहिलेला नाही. पांढरा कोट घातला म्हणून बाईचा पेशंटपणाचा हक्क कमी होत नाही.

आता दुसरा प्रश्न, नंबरचा. सकाळी आठला केसपेपर काढून बाई बसली आहे. मांडीवर तापाचं पोर आहे, आजची मजुरी बुडाली आहे, परतीची एसटी चुकली तर चालत जावं लागणार. आणि बाजूच्या दाराने कुणी आत जातं, कारण तिची जाऊ आत नोकरीला आहे. रांगेतल्या बाईला राग येणारच, आणि तो रास्त आहे.

पण आधी घेणं आणि वशिला ह्यांतला फरक ओळखायला हवा. दम लागलेली बाई, कळा येणारी बाई, साप चावलेला माणूस, हे रांग मोडूनच आत गेले पाहिजेत. तसंच नर्सबाईला काम करताना पेशंटला वापरलेली सुई टोचली, तर तिला ताबडतोब बघावं लागतं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या लागणार असतील तर त्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत, सुरू व्हाव्या लागतात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. तिला आधी घेतलं तर तो वशिला नाही, ती गरज आहे. जिला आजाराने घाई आहे तिला आधी घ्यायचं. ओळखीने घाई असलेलीने थांबायचं.

काही जणी म्हणतील, सिस्टर दोन तास रांगेत बसली तर वॉर्ड कोण बघणार? बरोबर आहे. मग कर्मचाऱ्यांच्या तपासणीची वेळ ठरवा, ओपीडीच्या आधी किंवा नंतर, आणि तसं भिंतीवर लिहा. सगळ्यांना दिसेल असा नियम असला की कुणाच्या पोटात दुखत नाही. चोरून केलेली सवलतच डोळ्यांत खुपते.

आणि ज्या बाईवर मेहेरबानी होते, तिचंही त्यात नुकसानच आहे, हे आमच्या नर्सबाईंनी आम्हाला नीट समजावलं. ओळखीची तपासणी बहुतेक वेळा अर्धी तपासणी असते. व्हरांड्यात उभ्या उभ्या विचारलं, "डॉक्टर, डोकं फार दुखतंय हो." डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी लिहिली. केसपेपर नाही, बीपी मोजलं नाही, पाळी कधी आली विचारलं नाही, कारण रोजच्या सहकारणीला कसं विचारायचं? घरी मारहाण होते का, मन उदास असतं का, हे तर कुणी विचारतच नाही. परक्या बाईला जे दहा प्रश्न विचारले असते, ते आपल्या बाईला लाजेकाजेने विचारले जात नाहीत. पुढे दुखणं वाढलं तर मागचा कागद नाही, कुठली गोळी किती दिवस खाल्ली त्याची नोंद नाही. म्हणून आमचं सांगणं असं, की दवाखान्यातल्या बाईलाही केसपेपर हवा, बंद दार हवं आणि पुरी तपासणी हवी. तिला आपल्या सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायचं नसेल, तर 'का' असं न विचारता दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी द्यावी.

आता आपल्या गटांनी काय करायचं?

पहिलं आपल्या घरचं. आपल्या गटात आशाताई असतात. बैठकीत तिला विचारू नका, "अमकीच्या सुनेला दिवस गेलेत का गं?" ती सांगणार नाही, आणि तिने सांगू नये हेच बरं. आज ती दुसरीचं झाकते, म्हणून उद्या आपलं झाकलं जाईल. तीच आशाताई आजारी पडली, तर तिच्या पिशवीतल्या गोळ्या कशाच्या, ह्याची चौकशी करू नका.

दुसरं, आत ओळख आहे म्हणून नंबर आधी लावायला सांगू नका. आतल्या बाईची त्यात कुचंबणा होते. नाही म्हटलं तर नातं दुखावतं, हो म्हटलं तर धर्म सुटतो.

तिसरं, आपल्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे किंवा गावच्या आरोग्य समितीकडे गटाच्या ठरावाने चार गोष्टी मागा. तपासणीच्या खोलीला पडदा आणि एका वेळी एकच पेशंट. कुणालाही चाळता येणार नाही असं रजिस्टर. आधी कुणाला घेणार ह्याचा फलक. आणि नाव न लिहिता तक्रार टाकता येईल अशी पेटी. तक्रार करताना काय चुकलं ते लिहा, ज्या बाईची गोष्ट फुटली तिचं नाव आणि आजार पुन्हा लिहू नका. नाहीतर तक्रारीच्या कागदावरून ती दुसऱ्यांदा फुटेल.

ह्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं एकच बोला, की आपल्या दवाखान्यात कुठली गोष्ट सांगायला आपल्याला भीती वाटते, आणि कुणाच्या कानाची भीती वाटते. जिला बोलायचं ती बोलेल, जिला नाही तिला आग्रह नको. त्यातून जे निघेल ते आम्हाला कळवा, नाव नको, गाव नको. समितीपुढे कसं मांडायचं, ते पुढच्या महिन्यात मिळून बघू.

येतो आम्ही. नमस्कार.