वयाची अट आणि घराची तयारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आहे मद्यपानाचे कायदेशीर किमान वय. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेत हा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आपल्याकडे मुळी वयाचा प्रश्नच नाही. जे अठराव्या वर्षी हराम, ते ऐंशीव्या वर्षीही हराम. मग सरकारने एकवीस ठरवले काय आणि पंचवीस ठरवले काय, आपल्याला त्याचे काय?

ही शंका चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. आपली मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला वसतिगृहांत राहतात, नोकरीसाठी परगावी जातात, सहलीला गोव्याला जातात. ज्या दुकानात दारू विकली जाते, ते दुकान गिऱ्हाइकाचा धर्म विचारत नाही. वय विचारण्याची मात्र त्याच्यावर कायद्याने सक्ती आहे. म्हणून हा कायदा आपल्याही मुलांचा आहे.

मी पेशाने वकील, तेव्हा सुरुवात कायद्यापासूनच करतो. आपल्या राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. पण मद्याचा विषय राज्यांच्या यादीत असल्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. गुजरात आणि बिहारमध्ये बंदी आहे. आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्याखाली परवाना घेऊनच पिता येते. बिअर आणि वाईनसाठी किमान वय २१, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५. गोव्यात मात्र १८. म्हणजे बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की एकोणीस वर्षांच्या ज्या मुलाला इकडे बिअरची बाटलीही विकता येत नाही, त्याला तिकडे वाटेल ते मद्य विकत घेता येते. नाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे यकृत काही वेगळे नसते!

वय कमी करा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही आपण नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, अठराव्या वर्षी माणूस कायद्याने सज्ञान होतो. १९८९ पासून त्याला मताचा अधिकार आहे, तो गाडीचा परवाना काढू शकतो, करार करू शकतो, सैन्यात जाऊ शकतो. देशाचे सरकार निवडण्याइतकी अक्कल ज्याला आहे, त्याला पेल्याबाबत अक्कल नाही असे कसे म्हणता? दुसरा मुद्दा असा की बंदी घातली की मुले चोरून पितात, आणि चोरून पिणे अधिक धोक्याचे. या युक्तिवादांच्या आधारे आपल्याकडेही हालचाली झाल्या. महाराष्ट्रातील पंचविसाच्या अटीविरुद्ध २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. हरियाणाने २०२१ मध्ये पंचविसाचे एकवीस केले. दिल्ली सरकारनेही त्याच वर्षी तशी घोषणा केली. पुढे ते नवे मद्यधोरणच २०२२ मध्ये मागे घ्यावे लागले.

या वादात सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. व्हिएतनामच्या युद्धात अठरा वर्षांची मुले सक्तीने भरती होत होती. जो लढू शकतो त्याला मत का नाही, या मागणीतून १९७१ मध्ये तेथे मतदानाचे वय १८ झाले. त्याच लाटेत पुढच्या काही वर्षांत सुमारे तीस राज्यांनी मद्यपानाचे वयही खाली आणले. परिणाम रस्त्यावर दिसला. तरुण मुलांचे अपघात वाढले. एका राज्यात वय कमी, शेजारच्या राज्यात जास्त, म्हणून मुले गाडी काढून सीमेपलीकडे जात, पिऊन रात्री परत येत आणि वाटेत मरत व मारत. दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली ज्यांची मुले गेली, त्या आया पुढे आल्या, १९८० मध्ये त्यांनी संघटना उभारली आणि १९८४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. या कायद्याने राज्यांना सांगितले की वय २१ करा, नाहीतर रस्त्यांसाठी मिळणाऱ्या अनुदानाला कात्री लागेल. एका राज्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८७ मध्ये निकाल केंद्राच्या बाजूने लागला आणि १९८८ पर्यंत सर्व राज्यांत २१ झाले. वय वाढवलेल्या राज्यांच्या अनुभवाचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा वाहन अपघातांत साधारण सोळा टक्के घट आढळली. २००८ मध्ये शंभराहून अधिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी या वयाचा फेरविचार करा असे पत्रक काढले, तरीही आकडा २१ वरच राहिला.

वैद्यकशास्त्राचेही मत याच बाजूला झुकते. मेंदूचा जो भाग मनाला आवर घालतो, पुढचा-मागचा विचार करतो, तो सर्वांत शेवटी, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत पक्का होतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत असे दिसले की ज्यांनी पंधरा वर्षांच्या आत पहिला पेला घेतला, त्यांच्यापैकी सुमारे चाळीस टक्के लोक आयुष्यात केव्हातरी व्यसनाच्या विळख्यात सापडले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. अठराव्या वर्षी मत चुकले तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येते. व्यसन लागले तर पाच वर्षांनी निवडणूक येत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. आपल्या राज्यातील वयाची अट खाली आणू नये. पण एवढे बोलून मी खाली बसलो तर ते अर्धसत्य होईल. कारण आकडा कितीही मोठा असला तरी तो कागदावर आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. सतरा वर्षांचा मुलगा, बारमध्ये मित्रांबरोबर मेजवानी, हातात अडीच-तीन कोटींची गाडी किंवा जी काही तिची किंमत असेल ती, आणि मोटारसायकलवरून जाणारे दोन तरुण अभियंते जागीच ठार. कायद्यात २५ लिहिलेले, आणि ज्यांनी पेला पुढे केला त्यांना समोरचा मुलगा मतदारही नाही हे विचारावेसे वाटले नाही. बाल न्याय मंडळाने पहिल्यांदा जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, त्यावर देशभर संताप उसळला. संताप रास्तच होता. पण त्या रात्री गाडीची किल्ली कोणी दिली, पैसे कोणी दिले, हे प्रश्न न्यायालयाच्या आधी घराचे होते.

आणि सरकारकडून किती अपेक्षा करायची? जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मद्यावरील कर वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज दिला होता. ज्या बाटलीतून तिजोरी भरते, त्या बाटलीवर पहारा ठेवण्याचे काम त्याच तिजोरीच्या मालकाकडे आहे. हे मी टीका म्हणून सांगत नाही. वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

बंधुभगिनींनो, येथे मला आपल्याच इतिहासाकडे वळायचे आहे. इस्लाममध्ये मद्याची मनाई एका दिवसात आली नाही. कुरआन शरीफात आधी त्यातील हानी लाभापेक्षा मोठी असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असा आदेश आला, आणि त्यानंतर संपूर्ण मनाई झाली. मधली वर्षे माणसे घडवण्यात गेली. म्हणून जेव्हा शेवटचा हुकूम आला, तेव्हा मदिनेच्या गल्ल्यांतून मद्य ओतून दिले गेले, असे हदीसमध्ये वर्णन आहे. दारावर शिपाई उभा नव्हता. याच्या उलट अमेरिकेने १९२० मध्ये संपूर्ण दारूबंदी केली. मनाची तयारी नव्हती, चोरटा धंदा आणि गुंडगिरी माजली आणि १९३३ मध्ये ती बंदी उठवावी लागली. हुकूम दोन्हीकडे होता. तयारी एकीकडेच होती.

वयाच्या कायद्याचा खरा अर्थ मला येथे सापडतो. हा कायदा मुलाला सुधारत नाही. तो आपल्याला, म्हणजे आई-वडिलांना आणि शिक्षकांना, काही वर्षांची सवड मिळवून देतो. त्या सवडीत तयारी करायची की नाही, हे आपल्या हाती आहे.

आपण ती तयारी करतो का? खरे सांगायचे तर 'आपल्याकडे हे हराम आहे' एवढे एक वाक्य मुलाला दहाव्या वर्षी ऐकवून आपण निश्चिंत होतो. हराम का आहे, मित्रांनी आग्रह केला तर काय उत्तर द्यायचे, यावर घरात बोलणे म्हणजे जणू बेअदबी! केंद्र शासनाच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यातील कोणीच नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा येथे कोणी आहे का? असतील तर ते घराघरांत लपवले जातात. अब्रू जाईल म्हणून आई मुलाला पाठीशी घालते, बाप मारतो, आणि उपचाराची वेळ निघून जाते. व्यसन हे गुनाह तर आहेच, पण तो आजारही आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी केंद्रे त्यावर उपचार करीत आहेत. तेथे नेण्यात अब्रू जात नाही. न नेण्यात मुलगा जातो.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याच्याशी या विषयावर मोकळेपणी बोला, मुलीशीही बोला. परगावी शिकणाऱ्या मुलाला फीचे पैसे पाठवता, तसा महिन्यातून एक दिवस स्वतः जाऊन भेटा. आणि त्याला असा विश्वास द्या की तो कुठल्याही अडचणीत सापडला, तर रात्री दोन वाजता 'अब्बा, मला न्यायला या' असे निर्धास्तपणे सांगू शकेल. रागावणे दुसऱ्या दिवशी करता येते. शाळा-महाविद्यालयांजवळच्या दुकानात कोवळ्या मुलांना माल विकला जात असेल, तर शेजारच्या हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध पालकांना बरोबर घेऊन अर्ज करा. आपला मजहब वेगळा असेल, पण या बाबतीत सर्व आयांचे दुखणे एकच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. कायदा तुम्हाला एकवीस-पंचवीसपर्यंत अजाण समजतो, पण आपला दीन मुलगा बालिग झाला की त्याला जबाबदार धरतो. यात अपमान कोणता आणि सन्मान कोणता, ते तुम्हीच ठरवा. मित्राने पेला पुढे केला, तर 'माझे वय झाले नाही' हे उत्तर काही वर्षेच पुरेल. 'मला नको' हे उत्तर जन्मभर पुरेल. आणि ते पत्रादेवीच्या नाक्यापलीकडेही चालते.