कपाळावरच्या आठ्या आणि सुई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. शिक्षण सातवीपर्यंतचे, मी भाषण कुठले करणार! पण तोंडावरच्या सुरकुत्यांच्या ज्या इंजेक्शनांविषयी आपल्यातल्या बऱ्याचजणी हळू आवाजात विचारतात, त्यांबद्दल मला घरच्या अनुभवाने थोडेफार कळले आहे. थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेऊनच सांगते.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलाचे लग्न झाले. भुवयांमधल्या आठ्यांमुळे "रागावलात का?" असे जो तो त्यांना विचारी. म्हणून लग्नाआधी दहा दिवस एका पार्लरमध्ये जाऊन त्यांनी बोटॉक्स टोचून घेतले. आठ्या गेल्या खऱ्या, पण डाव्या डोळ्याची पापणी खाली आली. साऱ्या कार्यात बिचाऱ्या फोटोवाल्याला चुकवीत वावरल्या. आम्ही घरातल्या बायका आड जाऊन हसलो. मीही हसले, त्याचे आज वाईट वाटते.

कार्य उरकल्यावर त्यांना घेऊन मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी न रागावता सारे समजावून दिले.

बोटॉक्स हे मुळात विषच. बिघडलेल्या डबाबंद अन्नात जे जंतू वाढून माणसाला लुळे करतात, त्यांचेच हे विष शुद्ध करून अगदी कणभर वापरतात. गंमत अशी, की ते आधी आले तिरळ्या डोळ्यांसाठी; अमेरिकेत १९८९ साली तशी परवानगी मिळाली. कॅनडात जीन कॅरुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या पापण्या आपोआप मिटतात अशा रोग्यांना ते टोचीत. त्याने कपाळ निवांत दिसते, हे एका रोगी बाईनेच त्यांच्या ध्यानात आणून दिले! त्यांचे यजमान कातडीचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर लेख लिहिला. आठ्यांसाठीची अमेरिकेतली परवानगी मात्र २००२ची.

या औषधाने नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू आवळला नाही की आठी पडत नाही. पण वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेल्या लुगड्यावर जशी रेघ उमटते, तशी कायमची उमटलेली आठी याने पुरती जात नाही. गुण दोनचार दिवसांनी दिसू लागतो आणि तीनचार महिन्यांत ओसरतो. औषध भलतीकडे पसरले तर उतारा नाही, वाट पाहायची.

दुसरे ते फिलर. आपल्या कातडीत असतेच त्या हायलुरॉनिक आम्लाचा गर बसलेल्या गालांत भरतात. सहा महिने ते वर्षभर, कधी जास्तही टिकतो. नको झाला तर दुसरे इंजेक्शन देऊन विरघळवता येतो, हा त्यातला चांगला भाग. पण तोच गर रक्तवाहिनीत शिरला तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर जागा पांढरी पडली, फार दुखू लागले किंवा अंधुक दिसले तर सकाळची वाट पाहू नका, तडक डॉक्टर गाठा. आणि विरघळवण्याचे औषध जवळ आहे का, हे आधीच विचारा. संकोच कसला? भाजी घेताना आपण दहा प्रश्न विचारतोच की! गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या वाटेला जाऊच नये.

जाऊबाईंची पापणी रथसप्तमीच्या हळदीकुंकवापर्यंत वर आली. चैत्रगौरीला आठ्याही परतल्या. पुन्हा टोचून घ्यावे की नाही, हे त्यांचे अजून ठरत नाही. ठरले तर या वेळी मी बरोबर जाणार आहे.