तोंड उजेडाकडे कर



‘कानांची काळजी’ या विषयावर बोला, असं शाळेने पत्रात कळवलं होतं. पण या स्टेजवर आले की मला आधी ती मागची भिंत दिसते. माझे बाबा तिथे उभे राहायचे. साडेतीनला पाळी सुटली की गिरणीतून थेट इथे. केसांत, भुवयांवर कापूस. शेजारच्यांच्या कपड्यांना लागेल म्हणून खुर्चीत बसायचे नाहीत.

बाबा मालवणकडचे, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर. सकाळचा भोंगा त्यांनी कधी चुकवला नाही. दसऱ्याला गिरणीत पूजा असायची, तेव्हा घरच्यांना आत सोडत. त्यांनी मला आपले साचे दाखवले, धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत कसं ओढतात तेही करून दाखवलं. त्या दिवशी साचे बंद होते, हार घातलेले. किती शांत जागा आहे, असं मला वाटलं!

संध्याकाळी त्यांना कविता म्हणून दाखवावी लागे. रोज एकच सांगणं, “बाय, तोंड उजेडाकडे कर.”

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. बाबा दिवसा भाजी विकत, रात्री वॉचमनची ड्यूटी करत. पण ड्यूटीवर निघण्याआधी सगळ्यांना घेऊन जेवायला बसायचे, आणि जूनमध्ये आमच्या वह्या आल्याच.

डॉक्टर झाल्यावर मी त्यांचे कान तपासले. ४००० हर्ट्‌झला आलेख खोल गेलेला. सततच्या गोंगाटाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज आधी जातात, मुलांचं बोलणं नीट कळत नाही. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कायद्याची मर्यादा. साचेखात्यात तर शेजारच्याशीही खुणांनी बोलावं लागे. माझ्या कविता बाबा ओठांवरून वाचत होते. कानांबद्दल आज एवढंच.

मुलांनो, आईवडील काम करतात ती जागा बघून या. काम चालू असताना बघा. वडिलांची टॅक्सी असेल तर एक दिवस शेजारी बसा. आई पोळ्या लाटायला जात असेल तर तिथल्या भट्टीजवळ तासभर उभे राहा. दहावीनंतर बघू, असं म्हणू नका. याच मे महिन्यात जा. मी हे प्रत्येक शाळेत सांगते, कारण चालू साचे मी कधीच पाहिले नाहीत.

मघाशी मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून स्टेजवरच्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. सातवीत मी इथे कविता म्हटली, ती बाबांना कळली नसणारच. घरी येऊन म्हणाले, “छान म्हटलीस. आता परत म्हण.”

मागे उभ्या असलेल्या पालकांनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. कामाच्या कपड्यांत असाल तरी या. मुलांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी इथे येऊन बसा.