अंगावर काढलेला दमा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर या मंडळात मी पापड लाटले, भजनात झांज धरली, सहलीचे हिशेब ठेवले. पण बोलायला कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इस्पितळात जाऊन आलात, ते चारचौघींना सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काय आहे? पण मग वाटले, हेच मला कोणी आधी सांगितले असते तर किती बरे झाले असते! म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

2023 सालचे संक्रांतीचे हळदीकुंकू पुष्कळजणींना आठवत असेल. मी उखाणा घेऊ लागले आणि अर्ध्यावर थांबले. तुम्ही सगळ्या हसलात. "इतक्या वर्षांनी अजून लाजता का हो?" असेही कोणी म्हणाले. मीही हसले आणि तिळगूळ वाटू लागले. खरी गोष्ट अशी की, उखाणा मला पाठ होता. तो पुरा करायला श्वास उरला नव्हता.

दमा मला तिशीपासून. निळा पंप जवळ असे. आधी तो महिन्यातून एखाद्या वेळी लागे, मग आठवड्यातून, मग रोज रात्री दोनदा-तीनदा. दुकानातून आणायचा आणि देवघरामागच्या फळीवर लपवून ठेवायचा. घरातल्यांना वाटे, एकच पंप पुरतो आहे. लपवण्याचे कारण सांगते. मुलीच्या लग्नाचे पाहत होतो. आईला दमा आहे असे कळले, तर लोक मुलीकडेही त्याच नजरेने पाहतील, ही भीती. शिवाय पंपाची सवय लागते, असे ऐकत आलेले. माझी मावशी तर याच दुखण्याने गेली. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसलेली असे. दर कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध घेई आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे धुरात बसे. ती कधी डॉक्टरांकडे गेली नाही. मला वाटे, आपल्या घराण्याचा हा वाटाच आहे, निमूट घ्यावा.

त्या वर्षीची दिवाळी आली. माळा झाडला, जुन्या गाद्या उन्हात घालून बडवल्या. वसुबारसेला चिवड्याची फोडणी केली. मिरच्यांचा खकाणा उठला आणि रात्री छाती जी आवळली, ती सुटेना. ओव्याची वाफ घेतली. पंप किती वेळा ओढला, मोजला नाही. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होते. आडवे होणे शक्यच नव्हते. यांनी विचारले, "काय होतंय?" मी म्हटले, "काही... नाही... सकाळी..." एकेक शब्द एकेका श्वासाला. लेकीने शेजारच्या सूनबाईला हाक मारली. तिच्याकडे 2021 साली घेतलेले, बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र होते. आकडा आला 88. आपल्याला तो पंच्याण्णवच्या वर हवा. मी मान हलवून "सकाळी" म्हणत होते. ती म्हणाली, "काकू, मी विचारत नाहीये. चला." रिक्षात बसले तेव्हा दीड वाजला होता.

इस्पितळाची पायरी मी बाळंतपणाखेरीज कधी चढले नव्हते. 2021 साली त्या दारातून आत गेलेली ओळखीची चार माणसे परत आली नव्हती. तोंडावर प्राणवायूची जाळी लागली की शेवट जवळ आला, अशी माझी समजूत. पण तिथे मला कोणी आडवी पाडले नाही, बसवूनच ठेवले. प्राणवायू लावला, नळीतून धुक्यासारखे औषध दिले, शिरेतून इंजेक्शन दिले. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. मी घाबरले तशी परिचारिका म्हणाली, "मावशी, औषधाने तसं होतं. उतरेल." पहाटेपर्यंत तीनदा ते धुके घेतले, आणि मग मी त्या रात्रीचे पहिले सबंध वाक्य बोलले, "अगं, चकलीची भाजणी तशीच राहिली की!" परिचारिका हसली. हे मात्र तोंड फिरवून उभे राहिले.

लक्ष्मीपूजन तिथेच झाले. पाडव्याला घरी आले. त्या दिवसांत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात आणि आतून सुजतात, कफही साचतो. निळा पंप आवळलेली नळी चार-सहा तास सैल करतो. सूज तशीच राहते. म्हणजे मी इतकी वर्षे गळणाऱ्या छपराखाली बादली ठेवत होते, कौल बदलत नव्हते. सुजेसाठी रोज घ्यायचा पंप निराळा. त्यात स्टिरॉइड असते हे ऐकून मी दचकले. डॉक्टर म्हणाले, "या पंपात एका वेळेला 200 मायक्रोग्रॅम जातं. दुखणं अंगावर काढलंत म्हणून इथे रोज 40 मिलिग्रॅमची गोळी द्यावी लागते आहे. वजनाने दोनशेपट!" मग मी काय बोलणार? औषध घेतल्यावर चूळ भरायची, आणि पंप तोंडात नुसता न मारता प्लास्टिकच्या नळकांड्यातून ओढायचा, हेही तिथेच शिकले. वीस वर्षांत मी तो कधी नीट ओढलाच नव्हता. दम्यासाठी जगभरच्या तज्ज्ञांचे 'गिना' नावाचे एक मंडळ आहे. नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये, असे तेही 2019 पासून सांगत आहे.

फळीवरचे रिकामे पंप लेकीला सापडले. नऊ होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आई, तू गेली असतीस तर माझ्या लग्नात कोण उभं राहिलं असतं?" पुढचे स्थळ आले तेव्हा आम्ही पहिल्याच बैठकीत सगळे सांगितले. ते जमले. लग्नात व्याह्यांनी होमाच्या धुरापासून माझी खुर्ची आपण होऊन लांब ठेवली. ज्या गोष्टीला मी इतकी भ्याले, ती एवढीशीच निघाली.

भगिनींनो, मी डॉक्टर नाही. पण जे शिकले ते सांगते. आठवड्यात दोनदापेक्षा अधिक निळा पंप लागत असेल किंवा रात्री दम्याने जाग येत असेल, तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरांना भेटा. पंप घेऊनही उतार पडत नसेल, वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. आणि छातीतली शिट्टी एकदम थांबली, पण जीव मात्र घाबराच आहे, तर तो आराम नव्हे; हवा आत जाईनाशी झाली, असे समजा.

आपण बायका घरातल्या प्रत्येकाचा ताप हाताने ओळखतो. स्वतःचा श्वास मात्र "कामाने दम लागला" म्हणून सोडून देतो. मी त्या संक्रांतीलाच गेले असते तर वसुबारसेची रात्र आली नसती.

म्हणून मंडळाजवळ एक मागणे आहे. पुढच्या हळदीकुंकवाला कोणी उखाण्यात अडखळली तर खुशाल हसा, पण नंतर तिला बाजूला घेऊन विचारा, "लाजलीस, की दम लागला?" तिने "काही नाही" म्हटले तरी पुन्हा एकदा विचारा. मीही तसेच म्हटले होते.