सायकलची तार तुटते तेव्हा

सायकलची तार तुटली की आपण खड्ड्याला बोल लावतो, नवी तार घालून घेतो आणि विषय संपवतो. पण ती कुठे तुटली, हे सहसा पाहत नाही. मधोमध तुटलेली तार क्वचितच सापडते. बहुतेक तारा हबच्या भोकातून वळतात तिथे, मानेशी तुटतात. याचं कारण चाकाच्या रचनेत आहे. बैलगाडीचा लाकडी आरा दाब सोसतो. बारीक तारेला ते जमत नाही, म्हणून ती आधीच ताणून बसवतात. भार आला की जमिनीकडच्या तारांचा ताण उतरतो, तार वर गेली की पुन्हा चढतो. 28 इंची चाकाचे किलोमीटरला सुमारे 450 फेरे होतात आणि दर फेऱ्याला प्रत्येक तारेचा ताण असा उतरतो-चढतो. तार मुळात ढिली असेल तर ती मानेशी हलत राहते आणि तिथेच हळूहळू चीर पडते. खड्डा फक्त शेवटचा घाव घालतो.

म्हणून नवी तार घालणं हे अर्धंच काम. ‘आउट काढला, चाक सरळ फिरतंय, आणखी काय हवं?’ असं कुणी म्हणेल. पण एक तार फार आवळलेली आणि शेजारची ढिली असली, तरी रिम सरळ दिसू शकते. एकाच बाजूच्या तारा बोटानं छेडून पाहाव्यात. आवाज साधारण सारखा आला तर ताण सारखा. ‘जास्त आवळल्यानं तारा तुटतील’ ही भीतीही फारशी खरी नाही. अती आवळलं तर बहुधा आधी रिम दगा देते. जाड तारेचाही आग्रह नको. जाड तार कमी ताणली जाते, त्यामुळे रिम जराशी दबली तरी लवकर सैल पडते. चांगल्या प्रतीच्या तारा म्हणूनच टोकांना जाड आणि मध्ये बारीक असतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. जुन्या घडणीच्या सायकलीला मागे 40 तारा. एक तुटली म्हणून सगळ्या बदलणं उधळपट्टीच. पण त्याच चाकाची दुसरी, तिसरी तार तुटली, तर उरलेल्यांनीही तेवढेच फेरे सोसले आहेत, हे विसरू नये. दर वेळी फ्रीव्हील उतरवण्याची मजुरी देण्यापेक्षा सगळ्या तारा एकदम बदलणं स्वस्त पडतं. पहिल्याच वेळी मात्र दुकानदाराला एवढं जरूर विचारावं: बाकीच्या तारांचा ताण पाहिलात का?