लक्ष्मीबाई टिळकांचा संसार

धर्मांतर हा शब्द कानीं पडला, कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें सभा, व्याख्यानें, वादविवाद आणि वर्तमानपत्रांतील पत्रव्यवहार उभा राहतो. पुरुषांनीं लिहिलेल्या इतिहासांत तें तसेंच नोंदलें गेलें आहे. परंतु ज्या दिवशीं घरांतील कर्ता पुरुष धर्म बदलतो, त्या दिवशीं घरांतील बाईपुढें निराळेच प्रश्न उभे राहतात. पाणी कोणीं भरावयाचें? पंक्तीस कोणीं बसावयाचें? मुलानें कोणाच्या कुशींत निजावयाचें? दिवेलागणीला हात कोणापुढें जोडावयाचे? या प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांत असतीलही. पण पोर भुकेनें रडत असतां ग्रंथ उघडावयास सवड कोणाला असते? श्रोतेहो, असे प्रश्न जिच्या वांट्यास आले आणि जिनें त्यांचीं उत्तरें रडत, रागावत व पुष्कळदां हंसत शोधून काढलीं, त्या एका ख्रिस्ती माउलीच्या संसाराची ही हकीकत आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईचे वडील फांशीं गेले होते, आणि त्या आघाताची सांवली घरावर होती. मनूच्या वडिलांना सोंवळ्याचें विलक्षण वेड लागलें होतें. हें वेड ज्या घरांत शिरतें तेथील बायकांचा दिवस धुण्यांत, निवडण्यांत आणि पुन्हां धुण्यांत सरतो, हें सांगावयास नको. दुसरी एखादी लेखिका असती, तर अशा बालपणाचें तिनें गाऱ्हाणें मांडलें असतें. लक्ष्मीबाईंनीं पुढें साठी उलटल्यावर तें लिहिलें तेव्हां वाचणाऱ्याला हंसूं आवरत नाहीं; आणि हंसतां हंसतां त्याच्या ध्यानांत येतें, कीं त्या घरांत लहान मुलांचे किती हाल होत असतील! दुःखाची अशी मांडणी करणें सोपें नव्हे. ज्यानें तें पुरतें सोसलें आणि मग पुरतें क्षमा केलें, त्यालाच तें साधतें.

१८८० सालीं या मुलीचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. नवरी अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. टिळक बुद्धीनें तीव्र, मनानें उदार, स्वभावानें तापट आणि पायानें अस्थिर. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं. आज शिक्षक, उद्यां संपादक. पैसा आला तर तो घरीं पोहोंचण्यापूर्वींच कोणा गरजवंताला मिळावयाचा. कवीच्या अंगीं हे गुण शोभतात. मात्र त्याच कवीच्या घरीं संध्याकाळीं डब्यांत तांदूळ आहेत कीं नाहींत, हें पाहावयाचें काम दुसऱ्या कोणाला तरी करावें लागतें, आणि त्या दुसऱ्या माणसाचें नांव कवितेखालीं छापीत नाहींत.

पत्नीला अक्षरओळख करून दिली ती टिळकांनींच. लक्ष्मीबाईंना बालपणीं शाळेंत जाण्याचा योग आला नव्हता. घरच्या या शाळेंत गुरूचा पारा लवकर चढे आणि धडा तेथेंच थांबे. तरी एवढ्या मोडक्यातोडक्या शिकवणीवर मराठींतील एक अपूर्व आत्मचरित्र पुढें उभें राहिलें. शिक्षकवर्गानें यांतून काय बोध घ्यावा, हा प्रश्न थोडासा अडचणीचा आहे!

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशीं गांठ पडली. त्यानें त्यांच्या हातीं ख्रिस्ती शास्त्राचें पुस्तक दिलें आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही केलें. तें खरें ठरलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं त्यांचा मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता.

येथून लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा सुरू झाली. नवरा जिवंत, आणि तरी संसार बुडालेला. ज्या नवऱ्यावर रागवावें त्याच्यावरचें प्रेम कमी होत नाहीं, आणि ज्या नातलगांनीं आधार दिला त्यांच्या तोंडून त्याच नवऱ्याची निंदा ऐकावी लागते. पांच वर्षें, कांहीं नाशिकच्या बाजूस तर कांहीं पंढरपुरास, दत्तूला पोटाशीं धरून त्यांनीं काढलीं. पत्रें येत, पत्रें जात. त्यांतील कांहीं पत्रें पद्यांत असत. कारण याच दिवसांत त्यांच्या दुःखाला कवितेची वाट फुटली. मुलगा बापाचा कीं आईचा, हा तंटा दोन धर्मांच्या मंडळींनीं आपापल्या परीनें घातला असेल. परंतु ज्या लहानग्याला आई हवी होती आणि बापही हवा होता, त्याची बाजू मांडणारी एकटी आईच होती. तिनें पुष्कळ विचाराअंतीं नवऱ्याच्या गांवीं, अहमदनगरास, जाण्याचें ठरविलें. तें आपला धर्म बरोबर घेऊनच.

आतां हा देखावा मनापुढें आणावा. एकाच संसारांत नवरा ख्रिस्ती, बायको सोंवळी. तिची चूल निराळी, पाणी निराळें. सोंवळ्याची शीव घरांतून ओढली होती खरी. पण लहान मूल शीव थोडीच पाहतें? दत्तू दोन्ही राज्यांत विनापरवाना हिंडणारा. बापाच्या पंक्तीचा घांस तोंडांत घेऊन तो आईच्या पदराला हात पुसावयास आला, तर त्या माउलीनें काय करावें? शास्त्राप्रमाणें त्याला दूर लोटावें, कीं आईप्रमाणें जवळ घ्यावें? जगांतील सगळ्या आया या प्रश्नाचें जें उत्तर देतात, तेंच याही आईनें मनांत केव्हांच दिलें असलें पाहिजे. बुद्धीला तें पटावयास मात्र कांहीं काळ जावा लागला.

तें पटलें महाबळेश्वरच्या मुक्कामांत. तेथें एकांतांत बसून त्यांनीं स्वतःशींच विचार चालविला, कीं जाति निर्माण केल्या कोणीं? देवानें कीं माणसानें? देवानें केल्या असत्या तर जनावरांच्या जातींप्रमाणें त्या दिसतां क्षणींच ओळखूं आल्या असत्या. मग हें माणसाचेंच काम. विचार येथवर पोहोंचला आणि त्यांनीं निश्चय केला, कीं यापुढें कोणाच्याही हातचें अन्नपाणी आपणांस वर्ज्य नाहीं. कोणा उपदेशकाचें व्याख्यान यासाठीं लागलें नाहीं. टिळकांसारखा वाक्पटु पुरुष वर्षानुवर्षें जें पटवूं शकला नसता, तें त्यांनीं एका बैठकींत स्वतःला पटविलें. सोंवळ्याच्या वेडानें ग्रासलेल्या घरांत वाढलेल्या बाईनें सोंवळें सोडलें तें असें, कोणावर न रागावतां. पुढें १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आधीं घागरीचा प्रश्न सुटला आणि मग धर्माचा, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

यापुढील नगरचा संसार म्हणजे एक वाहती धर्मशाळाच होती. छप्पन्नच्या दुष्काळानें त्या भागांत किती लेंकरें उघड्यावर आणलीं, त्याला सुमार नव्हता. पोरकीं मुलें, विद्यार्थी, कवि, पाहुणे, कोणी दोन दिवस, कोणी दोन वर्षें. टिळकांनीं दारांत पाहावें आणि आंत या म्हणावें; त्या शब्दाची भाकरी करण्याचें काम लक्ष्मीबाईंचें. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, हेही कांहीं काळ या घरीं राहिले आणि त्यांनाही या माउलीनें पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. निसर्गाचीं इतकीं गोड गाणीं गाणारा हा तरुण घरांत किती हळवा आणि किती लहरी होता, हें त्या पुढें सांगतात तेव्हां कवीचा पुतळा बाजूस होतो आणि रुसलेलें पोर दिसूं लागतें. १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं बालकवींचा अंत झाला. आईच्या दृष्टीनें तो महाराष्ट्राचा कवि गेला नव्हता, घरांतला मुलगा गेला होता.

त्या घरची उपासनाही घरगुती होती. त्या काळच्या देवळांतून बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें म्हणत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें म्हणणाऱ्या टिळकांना तें रुचणें शक्य नव्हतें. त्यांनीं अभंग, भजन, कीर्तन यांच्या ओळखीच्या वाटेनें शेंकडों गीतें रचलीं, आणि मराठी ख्रिस्ती घरांत तीं अजूनही म्हटलीं जातात. जात्यावरच्या ओव्या कानांत घेऊन वाढलेल्या बाईला नव्या देवाशीं बोलावयास परकी भाषा शिकावी लागली नाहीं, ही टिळकांच्या कवितेची कामगिरी टीकाकारांच्या फारशी लक्षांत येत नाहीं. लक्ष्मीबाईंची श्रद्धाही त्याच वळणाची होती. वडीलधाऱ्या माणसापाशीं हक्कानें बसून घरांतली अडचण सांगावी, प्रसंगीं थोडें भांडावें आणि मग उठून कामाला लागावें, असा तिचा थाट.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापून साताऱ्यास राहावयास गेले. संन्यस्त वृत्तीच्या पुरुषाला हें शोभून दिसतें. घर चालविणारीला महिन्याच्या पहिल्या तारखेस तें निराळें दिसतें. लक्ष्मीबाईंचा विनोद अशा वेळीं कामास येई. त्या हंसत त्या आधीं स्वतःला, आपल्या भोळेपणाला, आपल्या फजित्यांना. नंतर नवऱ्याला, पण तेही असें, कीं त्यांत बोचणी राहूं नये. टिळकांचा राग आणि त्यांचा विसराळूपणा त्यांनीं लपविला नाहीं, त्यांच्या पायांची धूळही मस्तकीं लावली नाहीं. आणि तरी त्या माणसाचें मोठेपण वाचकाच्या मनांत तसूभरही कमी होत नाहीं. पतीला देव मानण्याच्या काळांत पतीला माणूस म्हणून पाहून त्याच्यावर जन्मभर प्रेम करणें, याला केवढें धैर्य लागत असेल!

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. मागें राहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचें काम केलें, कांहीं दिवस कराचीसही काढले, आणि अखेरीस त्या नाशिकास मुलाजवळ राहिल्या. दत्तूचा आतां देवदत्त नारायण टिळक झाला होता. वडिलांचें चरित्र लिहावयाचें म्हणून त्यानें आईपाशीं आठवणी मागितल्या. आई लिहूं लागली आणि मुलानें मागितलें होतें त्याहून फार निराळें कांहीं कागदावर उतरूं लागलें. १९३४ ते १९३६ या काळांत ‘स्मृतिचित्रें’ चार भागांत बाहेर पडलीं. त्यांतली भाषा माजघरांतली आहे. जी बाई बोलते ती लिहितांना तोंड बदलीत नाहीं.

त्याच वृद्धापकाळीं दुसरेंही एक काम चालू होतें. टिळकांनीं येशूचें चरित्र ओवींत गुंफावयास घेऊन ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडलें होतें. आरंभींचे कांहीं अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले होते. नवऱ्यानें मध्येंच टाकलेलीं कामें पुरीं करण्याची संवय या बाईला लग्नापासूनच होती. त्यांनीं लेखणी घेतली आणि चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांचें देहावसान झालें. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपानें निघालें तें त्यानंतर, १९३८ सालीं.